आईच्या आईची आई

डबीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : निफाड, मामाच्या बागेचा बांध, नमुना ७. आत अल्कोहोलमध्ये एक काळा भुंगेरा, पाच पायांचा. सहावा पाय मी चिमट्याने काढून सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे त्यातल्या डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला पाठवला होता. तीन आठवड्यांनी फाइल आली. ए, टी, जी, सी या चार अक्षरांची, साडेसहाशेच्या घरातली एक लांबच लांब ओळ. ती जेनबँक या डीएनएच्या नोंदींच्या जागतिक साठ्याशी जुळवायला टाकली आणि मी चहा गाळायला उठले. परत येऊन बघते तर पडद्यावर उत्तर : होमो सेपियन्स. जुळणी १०० टक्के.

भुंगेऱ्याच्या पायातून माणूस निघाला होता.

या कामात असं होतं, आणि बऱ्याचदा होतं. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणं. प्रत कुठून सुरू करायची ते प्रायमर ठरवतात. हे डीएनएचे छोटे तुकडे ठरावीक जागी जाऊन चिकटतात. १९९४ साली फोल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली प्रायमरची जोडी आजही जगभर वापरतात, कारण ती गोगलगायीपासून भुंगेऱ्यापर्यंत नाना प्राण्यांना लागू पडते. आणि वेळेला माणसालाही. त्या संध्याकाळी माझे हातमोजे संपले होते. पाय चिमट्याला चिकटून बसला म्हणून मी तो बोटाने सोडवला. भुंगेरा दोन दिवस सापळ्यातल्या पाण्यात पडून होता, त्याचा डीएनए तुटत चालला होता. माझ्या बोटाची कातडी ताजी होती.

नियमाप्रमाणे अशी फाइल 'दूषित' म्हणून टाकून द्यायची असते. मी ती ठेवली. का ठेवली ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

आमच्या निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात भुंगेरा म्हटलं की शेतकऱ्याचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पहिल्या पावसानंतर कडुलिंबावर, बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे त्याला माहीत असतात. छाटणीनंतर द्राक्षवेलीचे फुगणारे डोळे कुरतडणारा उडद्या माहीत असतो. मी ज्यांच्यामागे गेली काही वर्षं आहे ते भुंगेरे निराळे. कॅराबिडी कुळातले. जमिनीवर राहणारे, लांब पायांचे, रात्रीचे धावणारे. अळ्या, गोगलगायी, दुसऱ्या किड्यांची अंडी हे त्यांचं खाणं. जगात त्यांच्या ४०,०००च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. बागायतदाराने त्यांना ओळखावं, निदान मारू नये, म्हणून मी मामाच्या बांधावर प्लॅस्टिकचे पेले जमिनीच्या पातळीला पुरायला सुरुवात केली. कड एक नखभर जरी वर राहिली तरी हे भुंगेरे वळसा घालून निघून जातात, त्यामुळे पेल्याभोवतीची माती हाताने चेपून सारखी करावी लागते. ते काम आई करायची. सत्तरी उलटली होती, गुडघे दुखायचे, पण माहेरच्या बांधावर बसून माती सारखी करताना तिला कसलाही त्रास होत नसे. घरी आल्यावर डब्या फ्रिजमध्ये ठेवायला मात्र तिने फक्त खालचा कप्पा दिला होता. वर नैवेद्याचं दूध असायचं.

या भुंगेऱ्यांत एक असा आहे, की नाशिकच्या उजाड माळावर पावसाळ्याच्या तोंडाला फिरणाऱ्याला तो एकदा तरी दिसतोच. बोटाएवढा लांब, काळाकुळकुळीत, पाठीवर सहा पांढरे ठिपके. डिवचलात तर मागून आम्ल फवारतो. डोळ्यांत गेलं तर आग आग होते. त्याला उडता येत नाही. पाठीवरची ढाल आहे, पण तिच्याखाली उडायचे पंख नाहीत. १७७५ साली फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, तेव्हा तो कॅराबस या प्रजातीत घातला होता. पुढे तो अँथिया या प्रजातीत गेला. म्हणून आज त्याचं शास्त्रीय नाव 'अँथिया सेक्सगुटाटा' असं लिहितात आणि पुढे फॅब्रिशियसचं नाव कंसात टाकतात. तो कंस दिसला की समजायचं, या किड्याचं घराणं बदललंय. आधीचं नाव मात्र पुसत नाहीत. कुणी, कोणत्या साली, कोणत्या नावाने नोंदलं ते सगळं मागे लावून ठेवायचं, अशी या शास्त्राची शिस्त आहे. मला ती फार आवडते.

आपल्याकडच्या कॅराबिडींची ओळख पटवायला बसलं की आजही अँड्र्यूज या कीटकतज्ज्ञाचे १९२९ आणि १९३५ चे दोन खंड उघडावे लागतात. त्यांतल्या किल्ल्या, म्हणजे एकेका प्रश्नाने जातीपर्यंत नेणाऱ्या याद्या, वाचायला चिकाटी लागते. डोळ्याच्या वर केस एक की दोन? मानेच्या ढालीच्या कडेला कुठे केस आहे? भिंगाखाली तासभर मान मोडून मोजायचं आणि कळायचं, की तो केस कधीचाच झडून गेलाय, नुसती त्याची टिंबाएवढी खाच उरलीय. कितीतरी जाती फक्त नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून वेगळ्या काढता येतात. मग मादी हाती लागली तर 'अमुक प्रजाती, जात अनिश्चित' एवढंच लिहून डबी बंद. आणि मातीत सापडलेली अळी? तिचं रूप आईबापाशी कुठेच जुळत नाही. माझ्या कपाटात अशा निनावी माद्या आणि अळ्या वर्षानुवर्षं पडून होत्या.

मायटोकाँड्रियातला डीएनए इथे उपयोगी पडतो. शाळेच्या मराठी पुस्तकात मायटोकाँड्रियाला तंतुकणिका म्हटलेलं असतं, पेशीला ऊर्जा पुरवणारं केंद्र म्हणून. तिचा स्वतःचा डीएनए असतो, केंद्रकातल्या डीएनएपासून वेगळा, वर्तुळाकार. भुंगेऱ्यात तो साधारण सोळा हजार अक्षरांचा असतो, जनुकं ३७. आपल्यातही ३७च. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून एका वाळक्या पायातूनही तो मिळू शकतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट यांनी २००३ साली सुचवलं, की या वर्तुळातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा, ६५८ अक्षरांचा, प्राण्यांची जात ओळखायला दुकानातल्या बारकोडसारखा वापरावा. एका जातीतल्या दोघांत या तुकड्यात फरक बहुधा दोन टक्क्यांच्या आतला, वेगळ्या जातींत बहुधा त्याहून जास्त. नर असो, मादी असो, अळी असो, अक्षरं तीच.

अर्थात ही अक्षरं ज्याच्याशी जुळवायची त्याचं नाव आधी कुणीतरी भिंग लावून नक्की केलेलं असावं लागतं. माझ्या एका मादीला उत्तर आलं, 'सर्वांत जवळची जुळणी ८८ टक्के'. म्हणजे तिच्या जातभाईंची नोंदच साठ्यात नव्हती. डीएनएने तिला नाव दिलं नाही, ती कुणाची नाही एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून केस मोजण्याचा मला कंटाळा आलेला नाही.

या डीएनएची मुख्य गोष्ट अजून सांगायची राहिली. तो फक्त आईकडून येतो. शुक्रजंतूतली तंतुकणिका अंड्यात गेलीच तरी तिथे टिकू दिली जात नाही. आई, तिची आई, तिची आई, अशी ती एकच सलग ओळ.

त्याच हिवाळ्यात आई गेली.

वर्षश्राद्ध झाल्यावर दादाने रामकुंडावर तीर्थश्राद्ध करायचं ठरवलं. आमचे वडील मूळ शिरपूरकडचे. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, आतल्या खोलीतून लाल कापडात बांधलेली लांबट वही आणली आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं : ही तुमच्या आजोबांची सही, १९५६च्या सिंहस्थातली. आणखी मागे पणजोबा, मोडीत. सहीखाली भावांची नावं, मुलांची नावं. दादाचे डोळे भरून आले. माझेही आले. आपल्या रक्ताचं अक्षर असं अचानक समोर येतं तेव्हा ते कुणाचेही येतील. मग मी तीच पानं पुन्हा वाचली. बायका होत्या, पण अमक्याची पत्नी, तमक्याची आई म्हणून. त्या कुठून आल्या, त्यांच्या आया कोण, याला वहीत रकाना नव्हता.

विधी सुरू झाला. दादा दर्भ घेऊन पाणी सोडत होता, मामा शेजारी बसले होते, मी मागे. आईची बाजू आली. गुरुजी म्हणाले, "मातामही." दादाने आजीचं नाव सांगितलं. "मातुःपितामही." दादा गोंधळला. "म्हणजे आईच्या वडिलांची आई," गुरुजींनी उलगडून सांगितलं. मामांनी नाव पुरवलं. "मातुःप्रपितामही." ते मामांनाही येईना. गुरुजींनी नुसतं नातं उच्चारून पाणी सोडायला लावलं.

मला राहवलं नाही. विचारलं, "गुरुजी, आईच्या आईची आई कुठे येते?"

ते थांबले. चिडले मात्र नाहीत. "ताई, तिचा वेगळा उच्चार यात नाही. शेवटी ज्यांची नावं घेतली नाहीत त्या सगळ्यांना आपण पाणी देतो. त्यात ती आली."

ते खरंच दिलं गेलं, दादाने ओंजळभर दिलं. पण मी कुंडाच्या पायरीवर बसून मनातल्या मनात नावं मोजत होते. आई. आजी. तिच्यापुढे अंधार. आजीच्या आईचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कोणतं? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव बुजायचं. त्याला कंस नाही, साल नाही. किड्याचं बदललेलं घराणं आम्ही अडीचशे वर्षं जपून ठेवतो.

त्या रात्री मी नमुना ७ची ती फाइल उघडली. आता कळलं का ठेवली होती. ती अक्षरं माझ्या बोटाची असतील तर आईची होती, आणि आजीची, आणि त्या अंधारातल्या बाईची. वहीत नसलेली ओळ इथे होती, एकही पिढी न गाळता.

हे लिहायला हात थोडा थांबतो, कारण मी शिक्षिका आहे आणि याच्या पुढचंही मला माहीत आहे. पाय पाठवल्यानंतर तो प्रयोगशाळेत आणखी दोन-तीन हातांतून गेला होता. ती अक्षरं त्यांतल्या कुणाचीही असू शकतात. आणि तपासून काही हाती लागणार नाही, कारण सीओआयच्या त्या तुकड्यात माणसामाणसांत फरकच जवळपास नसतो. म्हणून तर तो जात ओळखायला चालतो. १९८७ साली कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १४७ माणसांचा मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला. त्यासाठी त्यांनी घेतलेले बहुतेक नमुने वारेचे होते, बाळंतपणात आईच्या पोटातून बाळामागे येणाऱ्या वारेचे. त्या सगळ्या ओळी मागे जात जात आफ्रिकेत सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका बाईशी मिळाल्या. प्रयोगशाळेत माझा नमुना हाताळणारी मुलगी आणि मी, आमची आईच्या बाजूची वही मागे कुठेतरी एकच आहे. फाइलमध्ये माझ्या आईचं असं वेगळं काही नाही. तरी त्या रात्री मी ती सगळी ६५८ अक्षरं एकेक करून वाचली.

मग काही दिवस मला वाटत राहिलं, की खरी वंशावळ हीच. बापांच्या वह्या अपुऱ्या, पेशीतली आईची वही पुरी. त्या समजुतीतून मला जपानच्या भुंगेऱ्यांनी बाहेर काढलं.

जपानी लोक कॅराबस गटातल्या या भुंगेऱ्यांना ओसामुशी म्हणतात आणि त्यांच्यावर जीव टाकतात. तेझुका ओसामू या प्रख्यात चित्रकथाकाराने आपल्या नावात 'किडा' या अर्थाचं अक्षर जोडलं ते याच भुंगेऱ्यापायी. नव्वदच्या दशकात स्योझो ओसावा यांच्या गटाने ओसाकाजवळ ताकात्सुकी इथल्या संस्थेत यांचा मायटोकाँड्रियातला एनडी५ हा जनुक वाचायला घेतला. हौशी संग्राहकांनीही त्यांना नमुने पुरवले. हे भुंगेरे उडत नाहीत, डोंगर-नद्या ओलांडत नाहीत, त्यामुळे जिथले तिथेच राहतात. डीएनएवरून काढलेलं वंशाचं झाड स्वच्छ उतरेल अशी अपेक्षा. ओहोमोप्टेरस नावाच्या, फक्त जपानात असणाऱ्या गटाचं झाड काढलं आणि सगळं विसकटलं. रूपाने एकाच जातीचे असलेले भुंगेरे झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊन बसले. आणि एका खोऱ्यात राहणाऱ्या, रूपाने साफ वेगळ्या जाती एकाच फांदीवर.

ओसावांचं म्हणणं पडलं, की वेगवेगळ्या वंशांत तेच ते रूप पुन्हापुन्हा, स्वतंत्रपणे घडलं असावं. तेइजी सोता आणि आल्फ्रीड फोग्लर यांनी केंद्रकातली जनुकं वाचली आणि २००१ साली दाखवलं, की ती निराळंच झाड सांगतात आणि ते रूपावरून केलेल्या वर्गीकरणाला जास्त जवळचं आहे. याचा उलगडा संकरात होता. एका जातीच्या मादीला दुसऱ्या जातीचा नर भेटतो. त्यांच्या लेकी पुन्हा बापाच्या जातीतल्या नरांशी जुगतात, त्यांच्या लेकी पुन्हा. काही पिढ्यांनी देह, रंग, जननेंद्रियाचा आकार, सगळं बापाच्या जातीचं होतं. फक्त तंतुकणिका त्या पहिल्या परक्या आईची उरते. ही गोष्ट सोपी नाही. या भुंगेऱ्यांत नराच्या इंद्रियातला टणक काटा आणि मादीच्या आतली पिशवी कुलूपकिल्लीसारखी जुळलेली असते. जात चुकली तर काटा मोडतो, मादीच्या आतला पडदा फाटतो, ती मरूही शकते. तरीही खोऱ्याखोऱ्यांत हे घडत गेलं.

मला ती पहिली मादी सारखी आठवते. तिचं रूप तिच्या वंशात कुठेच राहिलेलं नाही. केंद्रकाची वही चाळली तर ती दिसणार नाही, आणि फक्त तंतुकणिकेची वही चाळली तर बाकी सगळं घराणंच चुकीचं ठरेल. गुरुजींच्या वहीवर मी जो राग धरला होता तो मी सोडलेला नाही. पण शिरपूरचे आजोबा, त्यांची ती वळणदार सही, हेही माझंच आहे आणि माझ्या तंतुकणिकेत त्याचा एक ठिपका नाही. आता नमुना तपासताना मी मायटोकाँड्रियाच्या एका तुकड्यावर जात ठरवून टाकत नाही. त्याच्याबरोबर केंद्रकातला एखादा जनुक वाचून घेते, भुंगेरा भिंगाखाली ठेवते, कुठे सापडला त्याची नोंद शेजारी मांडते. सगळं जुळलं तरच नाव लिहिते. वोल्बाकिया नावाचा जिवाणूही आईकडूनच पुढे जातो आणि आपल्याबरोबर एकच तंतुकणिका आख्ख्या जातीत पसरवून देऊ शकतो, तेही लक्षात ठेवावं लागतं. काम तिप्पट झालं. त्याला इलाज नाही.

आजीची धाकटी बहीण अजून आहे, चांदोरीला. आईची मावशी, आमची मावशीआजी. नव्वदीची. उन्हाळ्यात गेले. गोदावरीचं पाणी उतरलं होतं, पात्रातली जुनी देवळं उघडी पडली होती. ओट्यावर बसून तिला विचारलं, "आजी, तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"कोणतं सांगू?" ती म्हणाली. "दोन होती तिला."

तिने दोन्ही सांगितली. माहेरचं नाव सांगताना हसली, कारण ते तिच्या आईने फक्त मुलींना सांगितलं होतं, एकदाच, जात्यावर बसलेली असताना. नवऱ्यालाही ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी माझी नमुन्यांची वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं : सासरचं नाव, पुढे कंसात माहेरचं, पुढे गाव, पुढे सांगणारीचं नाव आणि तारीख. ती नावं घरची आहेत, इथे लिहीत नाही. दादाला फोन करून दिली. पुढच्या वर्षी तो गुरुजींना सांगणार आहे. गुरुजी कोणत्या रकान्यात लिहितील ते लिहोत.

मला एकच मुलगा. त्याच्यात माझी तंतुकणिका आहे, त्याच्यापुढे जाणार नाही. मावशीआजीच्या मुलीच्या मुलीची मुलगी मात्र त्या दिवशी तिथे सुट्टीला आलेली होती, सातवीतली. संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून गेला आणि तिच्या हातात बॅटरी देऊन मी मागच्या परसात पेले पुरले. कडेची माती तिने सारखी केली. सकाळी तिसऱ्या पेल्यात तो होता, सहा ठिपक्यांचा, निसरड्या कडेवर पाय घासत. मुलीने वाकून पाहिलं आणि त्याला उचलायला हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "आधी हे." आणि हातमोज्यांची दुसरी जोडी तिच्याकडे दिली.